बाटलीवरची तारीख

वाचकहो, क्षणभर एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. बेळगावहून आजी बंगळूरला नातवाकडे आल्या आहेत. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखरे, पण उत्साह दांडगा. एका रविवारी सकाळी नातू त्यांना लालबागेत घेऊन जातो. काचगृहासमोरच्या बाकावर आजी बसतात, नऊवारीचा पदर सावरतात आणि कधी नव्हे ते खळखळून हसतात. नातवाच्या हातात वडिलांचा जुना कॅमेरा आहे आणि त्यात रंगीत फिल्मचा रोल आहे. तो एकामागून एक छत्तीस चित्रे घेतो.

रोल धुवायला तो बाहेर देत नाही. घरीच रंगीत फिल्म धुण्याचा नाद त्याला वर्षभरापूर्वी लागलेला आहे. न्हाणीघरातल्या फळीवर तीन बाटल्या उभ्या आहेत. त्यांतील द्रावणे त्याने तीन महिन्यांपूर्वी कालवली होती. पुड्याच्या खोक्यावर छापले होते की इतक्या रसायनात सोळा रोल निघतात. आतापर्यंत पाचच धुतले आहेत. तेव्हा अकरा रोलांची शक्ती अजून शिल्लक आहे, असा त्याचा सरळ हिशेब. सारे काही नियमाप्रमाणे करून तो डबी उघडतो, तर फिल्मवर जेमतेम सावल्या उमटलेल्या. आजींचे हसू कुठे आहे ते उजेडासमोर धरून शोधावे लागते.

यात कॅमेऱ्याचा दोष नाही, फिल्मचा नाही आणि नातवाच्या हाताचाही नाही. दोष त्याच्या हिशेबात आहे. त्याने रोल मोजले, दिवस मोजले नाहीत. रसायन दोन वाटांनी संपते: वापराने एक आणि वयाने दुसरी. दुसरी वाट मुकी असते. हा प्रसंग कल्पित असला, तरी घरी रंगीत फिल्म धुणाऱ्या प्रत्येकाच्या दारात तो उभा आहे. तो आत येऊ नये म्हणून काय करावे, याचा विचार आपण येथे करू.

घरच्या घरी हे काम कशाला?

असा प्रश्न कुणी विचारील. दूरध्वनीच्या यंत्रातच कॅमेरा आलेल्या आजच्या काळात फिल्म वापरणे हाच मुळी छंद झाला आहे. पण या छंदाला पुन्हा बहर आला आहे, आणि रंगीत फिल्म धुणारी दुकाने मात्र पूर्वीसारखी गल्लोगल्ली उरलेली नाहीत. साहजिकच काही मंडळी ही विद्या घरी शिकू लागली आहेत.

बंगळूरला तर छायाचित्रणाची परंपराच आहे. म्हैसूर फोटोग्राफिक सोसायटी आणि १९७१ साली स्थापन झालेली यूथ फोटोग्राफिक सोसायटी या येथल्या संस्थांनी हौशी मंडळींना एकत्र आणले. वन्यजीवांच्या छायाचित्रणात नाव मिळवलेले टी. एन. ए. पेरुमल (१९३२–२०१७) आणि ई. हनुमंत राव हेही याच शहरातले. त्या पिढीतील हौशी माणसे कृष्णधवल फिल्म घरच्या अंधारखोलीत धूत असत. रंगीत फिल्म मात्र बहुतेकांना आवाक्याबाहेरची वाटे, कारण तिच्या द्रावणांची उष्णता काटेकोर राखावी लागते. आता पाण्याची उष्णता ठरावीक अंशावर धरून ठेवणारी विजेची कांडी स्वयंपाकघरासाठीच मिळू लागल्यामुळे ती अडचण राहिलेली नाही.

आणि घरात फिल्म धुण्याची परंपरा मराठी माणसाला तर मुळीच परकी नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट तयार केला, तेव्हा त्यांचे दादरचे घर हीच प्रयोगशाळा होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे शिकल्या आणि घरातील माणसांचा स्वयंपाक सांभाळून करीत राहिल्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात जे चित्र लोकांनी पाहिले, त्यामागे एका गृहिणीने कालवलेली द्रावणेही होती. त्यांची फिल्म कृष्णधवल होती. रंगीत फिल्मचे रसायनशास्त्र त्याच सुमारास जगात जन्म घेत होते.

तीन बाटल्यांचे काम

१९१२ च्या सुमारास रुडॉल्फ फिशर या जर्मन रसायनज्ञाने एक सुंदर गोष्ट दाखवून दिली. प्रकाश पडलेल्या चांदीच्या क्षारांवर डेव्हलपर काम करतो तेव्हा त्याचे स्वतःचेही रूपांतर होते. हा रूपांतरित डेव्हलपर योग्य अशा दुसऱ्या द्रव्याशी जुळला, तर त्या जागी रंग तयार होतो. फिल्ममध्ये असे तीन थर एकावर एक बसवले आणि एकात पिवळा, एकात किरमिजी व एकात निळसर हिरवा रंग उमटेल अशी योजना केली, की तिन्हींच्या मिश्रणातून सृष्टीतले सारे रंग हाती येतात. ही कल्पना बाजारातील फिल्ममध्ये उतरायला पुढे वीस-पंचवीस वर्षे लागली. आज घरोघर वापरली जाणारी रंगीत निगेटिव्हची पद्धत मात्र १९७२ साली कोडॅक कंपनीने आणलेली आहे. तिचे नाव सी-४१.

या पद्धतीत पहिली बाटली डेव्हलपरची. ३७.८ अंश सेल्सियसला, म्हणजे जुन्या मापाने १०० अंश फॅरनहाइटला, सव्वातीन मिनिटे फिल्म त्यात राहते. तेवढ्या वेळात चांदीचे चित्र आणि रंगाचे चित्र अशी दोन्ही एकदम उमटतात. दुसरी बाटली ब्लीचची. आता नको असलेल्या काळ्या चांदीचे ती पुन्हा क्षारात रूपांतर करते. तिसरी बाटली जुन्या अंधारखोलीतील ओळखीच्या ‘हायपो’ची. तो चांदीचे क्षार विरघळवून बाहेर काढतो आणि मागे निव्वळ रंग उरतो. घरगुती पुड्यांमध्ये पुष्कळदा ब्लीच आणि हायपो एकाच बाटलीत एकत्र केलेले असतात; त्या मिश्रणाला ‘ब्लिक्स’ म्हणतात. शेवटी रंग टिकावेत आणि पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून एका द्रावणात फिल्म बुडवून वाळत घालतात.

या बाटल्यांत एक मोठा भेद आहे, आणि तो ध्यानात आला म्हणजे अर्धे काम झाले. ब्लीच कमी पडले, तर फिल्मवर चांदी मागे राहते आणि चित्र मळकट दिसते. हायपो कमी पडला, तर फिल्म दुधाळ राहते. पण या दोन्ही चुका दुरुस्त होऊ शकतात. ताजे ब्लीच आणि ताजा हायपो घेऊन फिल्म त्यांतून पुन्हा काढली, की बहुधा चित्र स्वच्छ होते. डेव्हलपरच्या चुकीला मात्र क्षमा नाही. सव्वातीन मिनिटांत जो रंग उमटला नाही, तो पुढे कधीही उमटणार नाही. कारण ज्या क्षारांतून तो उमटायचा, ते हायपोने वाहून नेलेले असतात. म्हणून रसायनांच्या वयाचा प्रश्न हा मुख्यतः डेव्हलपरच्या वयाचा प्रश्न आहे.

हवा नावाचा शत्रू

गृहिणींना एक गोष्ट सांगायला नको. चिरलेले वांगे उघडे ठेवले तर काळे पडते. म्हणून चिरताच ते पाण्यात टाकतात. लोणच्यावर बोटभर तेल ठेवतात, तेही हवा आत शिरू नये म्हणून. हवेतील प्राणवायू ज्या पदार्थाशी चटकन संयोग पावतो, तो पदार्थ उघड्यावर टिकत नाही. डेव्हलपरचे काम तर प्रकाश पडलेल्या चांदीच्या क्षारांना इलेक्ट्रॉन देण्याचे. जो देण्यास इतका उत्सुक, तो समोर चांदीचा क्षार नसला तर प्राणवायूला देऊन बसतो. त्याचा गुण तोच त्याचा दोष.

सी-४१ मधील मुख्य द्रव्य सीडी-४ या नावाने ओळखले जाते. कोरड्या पुडीत किंवा आम्लयुक्त तीव्र द्रवात ते बरेच दिवस निवांत राहते. त्याला जागे करणारे द्रव्य म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट, जे कारखान्यातून वेगळ्या पुडीत येते. दोन्ही पाण्यात एकत्र आली की डेव्हलपर जागा होतो, आणि त्याच घटकेला त्याचे म्हातारपण सुरू होते. म्हणून वय खोके विकत घेतल्या दिवसापासून मोजावयाचे नसून द्रावण कालवल्या दिवसापासून मोजावयाचे असते.

यावर कुणी म्हणेल, कृष्णधवल फिल्मचा डेव्हलपर तर कित्येक महिने टिकतो, मग रंगीताचाच एवढा नाजूकपणा का? याचे उत्तर मोठे उद्बोधक आहे. प्राणवायूला अडवण्यासाठी डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फाइट घालतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या डी-७६ या कृष्णधवल डेव्हलपरमध्ये एका लिटरला १०० ग्रॅम सल्फाइट असते. त्याला तिथे दुसरेही काम आहे, पण राखणदार म्हणून त्याचा केवढा मोठा फौजफाटा! सी-४१ च्या डेव्हलपरमध्ये मात्र लिटरमागे ते सुमारे ४ ग्रॅम असते. अधिक घालता येत नाही, कारण रूपांतरित डेव्हलपरला सल्फाइट स्वतःच ओढून घेते आणि रंगासाठी काही उरू देत नाही. राखणदार वाढवावेत तर तेच घर लुटतात. म्हणून मदतीला हायड्रॉक्सिलअमाइनचा क्षार देऊन थोडक्यावर भागवावे लागते.

आता एक छोटासा हिशेब करू. लिटरची बाटली अर्धी रिकामी आहे. तिच्यात अर्धा लिटर डेव्हलपर आणि वर अर्धा लिटर हवा. बंगळूरच्या उंचीवर एवढ्या हवेत प्राणवायू साधारण एक-अष्टमांश ग्रॅम असतो. ऐकायला हे किती क्षुल्लक! पण तो सारा एकट्या सल्फाइटवर पडला असे धरले, तर तो जवळजवळ १ ग्रॅम सल्फाइट खाऊन टाकतो. त्या अर्ध्या लिटरमध्ये एकूण सल्फाइट आहे सुमारे २ ग्रॅम. म्हणजे बाटली बंद असतानाच निम्मी राखण गेली. झाकण उघडले की जुनी हवा जाऊन नवी आली. पुन्हा तेवढाच घास. हायड्रॉक्सिलअमाइन काही भार उचलते हे खरे, पण दोन-तीनदा उघडलेल्या अर्ध्या बाटलीत राखणदार किती उरतात, हे आता वाचकांनीच ताडावे. ते संपले की प्राणवायू सरळ सीडी-४ वर हात घालतो. आपल्या नातवाच्या बाटलीत हेच घडले होते. पाच रोल त्याने धुतले, उरलेले अकरा हवेने धुतले.

बाकीच्या बाटल्या

ब्लीचची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. त्यातील लोहाचे संयुग काम करताना थकते आणि हवेतील प्राणवायू मिळाला की पुन्हा ताजेतवाने होते. मोठ्या प्रयोगशाळांत ब्लीचमध्ये मुद्दाम हवा सोडतात ती याचसाठी. जी हवा डेव्हलपरची वैरीण, तीच ब्लीचची दाई! म्हणून वेगळ्या बाटलीतील स्वच्छ ब्लीच फार काळ टिकते. त्यात डेव्हलपरचे थेंब पडू देऊ नयेत, एवढे पथ्य पाळावे.

हायपो म्हणजे येथे अमोनियम थायोसल्फेट. त्यालाही सल्फाइटची राखण असते. ती संपली की द्रावण गढुळते आणि तळाशी पिवळसर गंधक बसू लागतो. तो दिसला की हायपो टाकून द्यावा. गाळून वापरण्याचा मोह धरू नये, कारण ते कण फिल्मवर चिकटून राहतात.

ब्लिक्सची स्थिती मात्र बिकट आहे. ब्लीचचा स्वभाव प्राणवायूचा, हायपोचा स्वभाव त्याच्या विरुद्ध. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसे हे दोघे एका बाटलीत सुखाने नांदत नाहीत. बूच घट्ट असले तरी लोहाचे संयुग आतल्या आत सल्फाइट संपवीत राहते आणि मग हायपोची पाळी येते. म्हणून ब्लिक्सचे आयुष्य वेगळ्या ब्लीचपेक्षा पुष्कळच कमी. ज्यांना महिन्यातून एखादाच रोल धुवायचा आहे, त्यांनी ब्लीच आणि हायपो वेगळे असलेला संच निवडणे शहाणपणाचे.

शेवटच्या द्रावणात पूर्वी फॉर्मॅल्डिहाइड असे. त्याच्या वाफा डोळ्यांना आणि घशाला झोंबतात. आज काही संचांत त्याची जागा सौम्य द्रव्यांनी घेतली आहे. ज्यात ते असेल, ते द्रावण खिडकी उघडी ठेवूनच वापरावे.

हवामान, पाणी आणि बाटली

रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ आडाखा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असलेल्या बंगळूरची हवा या दृष्टीने दैवाची देणगीच म्हणावी. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांजवळ तापलेल्या माळ्यावर आणि बंगळूरच्या २५ अंशांच्या कपाटात ठेवलेल्या दोन सारख्या बाटल्यांपैकी पहिलीचे वय दुसरीपेक्षा चौपट वेगाने वाढेल. तथापि बंगळूरकरांनीही गाफील राहू नये. एप्रिलमध्ये येथेही पारा ३४ अंशांच्या आसपास जातो. बाटल्या शेगडीच्या वर, पाणी तापवण्याच्या यंत्राजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नयेत. खालच्या बाजूचे, थंड, अंधारे आणि कुलूपबंद कपाट ही त्यांची जागा. अन्नाच्या शीतकपाटात मात्र त्यांना स्थान देऊ नये. मुलांच्या हाताचा धोका तर आहेच, शिवाय फार थंडीत तीव्र द्रवांतील क्षार स्फटिक होऊन तळाशी बसतात.

पाण्याकडेही थोडे लक्ष हवे. शहराच्या काही भागांत शंभर किलोमीटर अंतरावरून आलेले कावेरीचे पाणी मिळते, तर काही भाग कूपनलिकेवर अवलंबून आहेत. कूपनलिकेचे पाणी पुष्कळदा जड असते. द्रावणे कालवण्यासाठी बाटलीबंद शुद्ध पाणी वापरणे उत्तम. ते नसेल तर गाळलेले पाणी पाच-दहा मिनिटे उकळून झाकून निववावे. उकळल्याने पाण्यात विरघळलेला प्राणवायूही बहुतांशी निघून जातो, म्हणजे दुहेरी लाभ.

बाटली कोणती? काचेची सर्वांत चांगली. पातळ प्लॅस्टिकमधून प्राणवायू हळूहळू झिरपत राहतो. एक लिटर द्रावण एकाच मोठ्या बाटलीत ठेवण्याऐवजी पाव लिटरच्या चार बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावे. एकेक वापरीत जावी, म्हणजे उरलेल्यांना हवेचा वारा लागत नाही. अशा बाटल्या नसतील तर मुलांकडून काचेच्या गोट्या मागून घ्याव्यात. त्या स्वच्छ धुऊन एकेक करून बाटलीत सोडल्या की द्रावण वर चढते आणि हवा बाहेर जाते. स्वस्त, सोपा आणि निर्धोक उपाय. त्या गोट्या मात्र पुन्हा खेळात जाऊ देऊ नयेत.

आणखी एक सावधगिरी. कोरड्या पुडीतली अर्धी पूड आज आणि अर्धी उद्या, असे करू नये. पुडीत निरनिराळ्या द्रव्यांचे कण सारखे मिसळलेले असतीलच असे नाही. एका चमच्यात एक द्रव्य अधिक येईल तर दुसऱ्यात दुसरे. पुडी फोडली की ती सारी कालवावी. तीव्र द्रवांच्या संचाचे भाग मापून थोडे थोडे कालवता येतात, पण उघडलेल्या द्रवाच्या बाटलीचेही वय त्याच दिवसापासून चालू होते हे विसरू नये.

नाडीपरीक्षा

मग डेव्हलपर किती दिवस टिकतो, याचे एक उत्तर देता येईल काय? उत्पादक आपापल्या संचाबरोबर जी मुदत छापतात, ती प्रमाण मानावी. अनुभवी हौशी मंडळी काठोकाठ भरलेल्या, थंड जागेतील बाटलीला सहा ते आठ आठवडे हा सर्वसाधारण अंदाज धरतात. अर्धवट भरलेल्या बाटलीला तेवढे आयुष्य देऊ नये. याहून जुन्या द्रावणातही चित्रे निघाल्याची उदाहरणे असतात, पण त्यांवर विसंबणे म्हणजे जुन्या दोराने विहिरीत उतरणे होय.

रंगावरून परीक्षा करावी, तर ती फसवी आहे. ताजा डेव्हलपर फिकट असतो आणि हवा लागत गेली की चहासारखा, पुढे काळपट जांभळा होत जातो. अगदी काळा झालेला टाकावाच. पण फिकट दिसणारा धडधाकट असेलच असे नाही.

पहिली साधी कसोटी अशी. नव्या रोलचे बाहेर आलेले टोक, जे नाहीतरी वाया जाणारच असते, त्याचा तुकडा कापून दिवसाच्या उजेडातच नेमक्या उष्णतेच्या डेव्हलपरमध्ये टाकावा. सव्वातीन मिनिटांत तो गडद काळा झाला पाहिजे. झाला नाही, तर बाटली मेलेली आहे. परंतु येथे थांबू नये. हा तुकडा डेव्हलपर जिवंत आहे की नाही एवढेच सांगतो; तो निरोगी आहे की नाही हे सांगत नाही. थकलेल्या डेव्हलपरमध्ये फिल्मचे तिन्ही थर सारखे माघार घेत नाहीत. वरचा थर द्रावणाला आधी भेटतो, तळाचा शेवटी. त्यामुळे उजेडाकडे एक रंगछटा आणि सावलीकडे दुसरीच, अशी विकृती होते, आणि ती नंतर कितीही खटपट केली तरी नीट सुधारत नाही.

म्हणून दुसरी कसोटी अधिक विश्वासाची. एक स्वस्त रोल घेऊन एकाच उजेडात एकाच देखाव्याची सारी चित्रे घ्यावीत: पांढरा पंचा, करडा कागद, झेंडूचे फूल, विड्याचे पान आणि घरातल्या कुणाचा तरी हात. संपूर्ण अंधारात त्या रोलचे लहान लहान तुकडे करून प्रकाश न शिरणाऱ्या डबीत थंड जागी ठेवावेत. ताज्या डेव्हलपरमध्ये एक तुकडा धुऊन तो नमुना म्हणून जपावा. पुढे शंका आली की एक तुकडा धुऊन नमुन्याशेजारी ठेवावा. पंचा पांढरा आणि झेंडू झेंडूसारखा दिसला तर पुढे जावे. कारखान्यातील मोठ्या प्रयोगशाळा याच तत्त्वावर रोज आपली परीक्षा घेतात.

घरातल्या माणसांची काळजी

छंद एकाचा असला तरी घर सर्वांचे असते. तेव्हा काही नियम असे पाळावेत की त्यांना अपवादच नाही. रसायने कधीही पाण्याच्या, सरबताच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नयेत. रात्री तहानलेल्या माणसाला ओळखीची बाटली दिसली तर तो लेबल वाचीत बसत नाही. मापे, नरसाळी, बादल्या स्वयंपाकापासून कायमच्या वेगळ्या असाव्यात. सीडी-४ हे केस काळे करण्याच्या काही रंगांत वापरल्या जाणाऱ्या द्रव्याच्या कुळातले आहे. काहींच्या कातडीला ते मानवत नाही आणि पुरळ उठते. म्हणून हातमोजे घालावेत आणि पूड श्वासात जाऊ देऊ नये.

वापरलेल्या हायपोत विरघळलेली चांदी असते. जलातील जिवांना ती घातक ठरते. बंगळूरच्या तलावांनी फेस आणि घाण पुरेशी पाहिली आहे. त्यांत आपल्या छंदाची भर नको. वापरलेला हायपो वेगळा साठवून चांदी परत मिळवणाऱ्यांकडे किंवा एखाद्या फोटो प्रयोगशाळेकडे द्यावा. विहीर, बाग किंवा पावसाच्या पाण्याची गटारे यांत काहीही ओतू नये.

एका पद्धतीचे मरण

रसायनाच्या वयाचा प्रश्न बाटलीपुरताच आहे असे नाही. १९३५ साली निघालेली कोडाक्रोम ही फिल्म आपल्या टिकाऊ रंगांसाठी जगभर नावाजली गेली. तिचे रंग फिल्ममध्ये नसत. ते धुतानाच द्रावणांतून येत. ते काम इतके गुंतागुंतीचे होते की घरी करणे शक्यच नव्हते. कोडॅकने २००९ साली ती बंद केली. अखेरच्या रोलपैकी एक स्टीव्ह मकरी या छायाचित्रकाराच्या हाती देण्यात आला, आणि त्यातील छत्तीसपैकी काही चित्रे त्याने मुंबईत व राजस्थानात घेतली. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ही फिल्म धुणारी शेवटची प्रयोगशाळा होती; तिने २०१० च्या डिसेंबरअखेर नवे रोल घेणे थांबवले. त्यानंतर कुणाच्या कपाटात सापडलेला कोडाक्रोमचा रोल तिच्या खऱ्या रंगांत कधीच उघडणार नाही. चित्र आहे, पण ते प्रकट करणारे द्रावण जगात उरलेले नाही. आपल्याकडे उटकमंडला १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स कंपनीची ‘इंदू’ फिल्मही आता इतिहासजमा झाली आहे.

सी-४१ वर सुदैवाने तशी वेळ आलेली नाही. पण न धुतलेले रोल वर्षानुवर्षे कपाटात ठेवू नयेत, हा धडा मात्र घ्यावा. फिल्मवर पडलेला प्रकाशाचा ठसाही काळानुसार फिकट होत जातो. थंड जागी तो काही महिने चांगला राहतो. कालवलेला डेव्हलपर तेवढा राहत नाही. म्हणून क्रम नेहमी असा असावा: आधी रोल जमवावेत, मग रसायन कालवावे. पाच-सहा रोल हाताशी आले की एक रविवार ठरवून नवा संच उघडावा आणि दोन-तीन आठवड्यांत तो संपवावा. फेकलेल्या रसायनापेक्षा वाया गेलेला रोल केव्हाही महाग असतो.

आणि सर्वांत शेवटी, सर्वांत सोपी गोष्ट. द्रावण कालवून झाले की हात पुसण्यापूर्वी बाटलीवर एक कागद चिकटवावा. त्यावर द्रावणाचे नाव, कालवल्याची तारीख आणि धुतलेल्या प्रत्येक रोलमागे एक रेघ. शेजारी ठळक अक्षरांत लिहावे: विष. एवढ्या चार ओळी त्या न्हाणीघरातल्या बाटलीवर असत्या, तर लालबागेहून परतल्यावर नातवाने ती बाजूला ठेवली असती आणि आजींसाठी नवी पुडी फोडली असती.

पुन्हा न येणारा प्रसंग ज्या फिल्मवर आहे, तिला जुने द्रावण दाखवू नये. आपल्या घरातील फळीवर अशा बाटल्या असतील, तर वाचकहो, हे पान मिटण्यापूर्वी उठून त्यांच्यावर तारीख आहे का ते पाहा.